अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

काही शब्द आपल्या तोंडी इतके रुळलेले असतात, की ते कधी काळी कोणीतरी प्रथम योजले असतील हे ध्यानातही येत नाही. अंगणवाडी हा असाच एक शब्द. जळकोट तालुक्यातील कोणत्याही गावात, वाडीत किंवा तांड्यावर जा. सकाळच्या प्रहरी लहान मुलाला हाताशी धरून निघालेल्या बाईला कोठे निघालात म्हणून विचारा. ती हाच शब्द सांगेल. हा शब्द कोणत्यातरी सरकारी कचेरीत तयार झाला असावा अशी माझीही समजूत होती. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक जुने पुस्तक चाळताना कळले, की त्यामागे एका बाईचे सबंध आयुष्य उभे आहे. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक. त्यानंतर त्यांच्याविषयी जे हाती लागेल ते मी वाचीत गेले आणि वाचताना पुष्कळदा थांबले, कारण त्यात मला माझाच तांडा दिसू लागला. मी शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी नाही. तेव्हा जाणकार प्राध्यापकांनी व वाचक मित्रमैत्रिणींनी माझ्या उणिवा पोटात घालून हा लेख वाचावा, एवढीच विनंती.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्या माहेरच्या केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. आई उमाबाई या विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. त्या काळी विधवेशी लग्न करणे म्हणजे सगळ्या जातगोताला अंगावर घेणे होते. अशा घरात वाढलेल्या मुलीला लोक काय म्हणतील याची धास्ती कमी असणार, हे उघड आहे. मुलींनी चार बुके वाचली तरी नवल वाटावे अशा त्या दिवसांत, १९१४ साली, ताराबाई मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. आज आपल्या वर्गात मुलींचे बाक भरलेले असतात. त्या वेळी पदवी घेणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्या लागत.

पुढे त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. एक मुलगी झाली, तिचे नाव प्रभा. परंतु संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि लहानग्या मुलीला घेऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. नवऱ्याला सोडून एकटीने राहणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगायला नको. शंभर वर्षांपूर्वी ती नजर किती बोचत असेल! ताराबाईंनी त्याचे रडगाणे गायिले नाही. त्या सौराष्ट्रातील राजकोट येथे गेल्या आणि तेथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. हे कॉलेज शिक्षिका तयार करणारे होते. पगार चांगला, हुद्दा मानाचा, राहण्याची सोय. एकट्या बाईला आणखी काय हवे असते? पण दोन वर्षांतच त्यांनी ही नोकरी सोडली. त्यामागचे कारण समजण्यासाठी आपल्याला थोडे भावनगरकडे आणि तेथून दूर रोमकडे वळले पाहिजे.

भावनगरला दक्षिणामूर्ती ही शिक्षणसंस्था होती. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून तेथे आले होते. स्वतःला मुलगा झाला तेव्हा त्याला कसे वाढवावे या विचाराने गिजुभाई पुस्तके शोधू लागले आणि त्यांच्या हाती इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांचे लेखन पडले. त्यातूनच १९२० साली भावनगरात बालमंदिर सुरू झाले. गिजुभाईंना मोठ्या मिशा होत्या आणि मुलांवर त्यांची माया आईसारखी. म्हणून गुजरातेत लोक त्यांना मिशाळ आई म्हणत.

माँटेसरीबाई मूळच्या डॉक्टर. मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांवर त्यांनी प्रथम काम केले. त्यांच्या आधी फ्रान्समध्ये इतार्द आणि सेगँ या दोन वैद्यांनी अशा मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग केले होते. ते ग्रंथ त्यांनी मुळापासून वाचले. मग १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी घर उघडले. तेथे त्यांनी एक साधी गोष्ट केली. आधी मुलांकडे पाहिले. मूल कोणती वस्तू उचलते, किती वेळ तिच्यात रमते, केव्हा टाकून देते, पुन्हा कशाकडे वळते, याची त्या नोंद ठेवीत. वैद्य रोग्याची नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. शिक्षकाने मात्र मुलाला पाहिल्यावाचून धडा द्यावा, हे त्यांना पटेना. खरखरीत कागदाची अक्षरे कापून त्यांनी पाट्यांवर चिकटविली. मूल त्या अक्षरावरून बोट फिरवी आणि त्याचा ध्वनी उच्चारी. डोळा, कान आणि बोट एकाच वेळी कामाला लागत. आश्चर्य असे, की काही महिन्यांतच ती मुले आधी लिहू लागली आणि मग वाचू लागली. आधी वाचन आणि मग लेखन हा जगाने धरलेला क्रम मुलांनीच उलटा करून दाखविला.

हे सगळे वाचून ताराबाई अस्वस्थ झाल्या आणि १९२३ साली राजकोटचे प्राचार्यपद सोडून भावनगरला आल्या. तेथे त्या नऊ वर्षे राहिल्या. शिक्षिका घडविणाऱ्या कॉलेजची प्राचार्य अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये जमिनीवर बसली. गुजराती भाषा त्यांनी आत्मसात केली, त्या भाषेत लिहूही लागल्या. गिजुभाईंच्या बरोबरीने त्यांनी गोष्टी, बालगीते, नाट्य, चित्र आणि हस्तकाम यांना बालमंदिरात मानाचे स्थान दिले. मार आणि बक्षीस या दोन्ही गोष्टी तेथे नव्हत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३३ पासून ताराबाईंनी शिक्षणपत्रिका हे मासिक मराठीतून काढले. मुलाला का मारू नये, त्याला हट्टी का म्हणू नये, त्याच्या हाताला काम का द्यावे, अशा विषयांवर आईबापांना आणि गुरुजींना कळेल अशा सोप्या भाषेत ते मासिक लिही.

मुंबईस परतल्यावर १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाले. बालवर्ग, शिक्षिकांचे प्रशिक्षण, मासिक अशी कामे जोरात चालली. १९३९ साली गिजुभाई वारले. त्याच वर्षी माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षे येथेच राहिल्या. शहरात माँटेसरी या नावाला प्रतिष्ठा आली. सुखवस्तू घरची मुले रंगीत ठोकळे आणि चकचकीत मणी घेऊन खेळू लागली. येथे थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. पण रोममधली ती पहिली शाळा तर गरिबांच्या वस्तीत निघाली होती आणि आपल्याकडे मात्र हे शिक्षण श्रीमंतांच्या दारात अडकून पडले होते. ही विसंगती त्यांना डाचत असली पाहिजे. खेड्यातले मूल आणि शहरातले मूल यांच्या बुद्धीत फरक नाही, फरक आहे तो त्यांच्या वाट्याला आलेल्या संधीत, ही त्यांची श्रद्धा होती. महात्मा गांधींच्या नई तालीमच्या विचारानेही त्यांना खेड्याकडे ओढले.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यात मोडते. याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई या बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, अशी त्यांची कहाणी. तशातही शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. वयाने त्या ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. पण दोघींचे सूर असे जुळले, की पुढची अठ्ठावीस वर्षे ताराबाईंचे काम आणि अनुताईंचे काम निराळे करून सांगता येत नाही.

बोर्डीत काय झाले? बालवाडी उघडली, सामान मांडले, शिक्षिका वाट पाहू लागल्या. गावातल्या बऱ्या घरची मुले आली. ज्यांच्यासाठी दादर सोडले ती मुले मात्र येईनात. त्या काळी हरिजनवाडा म्हणत त्या दलित वस्तीतली पोरे शाळेकडे फिरकेनात. आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले. मुलाला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, अंगावर धड कपडा घालून वेळेवर पाठवायचे, हे करणार कोण? शिवाय वरच्या आळीतल्या शाळेत आपले पोर बसवून घेतील की हाकलतील ही धाकधूक वेगळीच.

येथे ताराबाईंचे मोठेपण दिसते. मुले येत नाहीत तर त्यांना शिक्षणाची आवड नाही, आईबापच अडाणी, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. आपल्याकडे आजही तो शेरा सर्रास मारला जातो. ताराबाईंनी मात्र रोग शाळेत शोधला. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे असे त्यांनी ठरविले. शिक्षिका सामानाची पेटी घेऊन वस्तीत गेल्या. एका घराचे अंगण झाडले आणि तेथेच मुलांना जमविले. मुलांची तोंडे धुतली, नखे काढली, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. मजुरीहून आलेल्या आया दारात उभ्या राहून पाहू लागल्या. आपले मूल इतके बोलते, इतके नेटके काम करते, हे त्यांना प्रथमच दिसत होते. ही जी अंगणात भरलेली बालवाडी, तीच अंगणवाडी. मध्यवर्ती बालवाडी एका ठिकाणी असावी आणि जेथून मुले येऊ शकत नाहीत तेथे तिने अंगणवाडीच्या रूपाने जावे, अशी त्यांची योजना होती.

सामानाचा प्रश्न होताच. माँटेसरीची साधने महाग. बोर्डीला समुद्र होता. शंख, शिंपले, खडे, चिंचोके, पाने, बिया, माती, बांबू यांतून साधने तयार झाली. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत हे शिकायला परदेशी लाकूडच लागते असे नाही. साधनामागचे तत्त्व ज्याला कळले त्याला साधन कोठेही सापडते. तत्त्व न कळता साधन विकत घेतले तर ते कपाटात राहते. हाताळून मोडेल म्हणून कुलूपबंद ठेवलेली शैक्षणिक साहित्याची पेटी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी दुरून पाहिली असेल.

१९५७ साली काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. हा वारली आदिवासींचा मुलूख. सावकार आणि जमीनदार यांच्या वेठबिगारीत पिढ्यान्‌पिढ्या पिचलेला. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली याच भागातील वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला होता. वेठ कायद्याने गेली तरी दारिद्र्य गेले नव्हते. सहा-सात वर्षांचे मूल घरात कमावते होते. मुलगे गुरे राखीत आणि मुली धाकटी भावंडे सांभाळीत. अशा मुलांना शाळेत बोलावणे म्हणजे त्या घराचा एक हात मोडणे होते.

येथेही त्यांनी आधी पाहिले, मग ठरविले. मुले गुरांमागे कुरणात जातात, तर शिक्षकाने कुरणात जावे. त्यातून कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना झाडाखाली शिकणे चाले. दगड मोजायचे, पाने ओळखायची, मातीत अक्षर गिरवायचे, गाणी म्हणायची. मुली येत नाहीत, कारण कडेवर भाऊ असतो; तर त्या भावालाही घेऊन या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडीची कल्पना मांडली. तान्हे बाळ पाळण्यात, मधले बालवाडीत आणि त्यांना सांभाळणारी ताई पाटी घेऊन वर्गात. सगळी एकमेकांच्या नजरेसमोर.

विकासवाडीविषयी वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. कारण ती कडेवर भाऊ घेतलेली मुलगी मी आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली, की टोळीची गाडी तांड्यावर येते, मुकादमाची उचल आधीच खर्चून गेलेली असते, आणि अर्धा तांडा कारखान्याच्या वाटेला लागतो. मी लहान असताना दोन हंगाम त्यांच्याबरोबर गेले. याडी आणि बापू पहाटे फडात शिरत. मी कोपीत भावाला सांभाळी. तिसऱ्या वर्षी मला आजीजवळ ठेवले, पण भाऊही माझ्याजवळच राहिला. त्याला घेऊन मी शाळेत गेले तर तो रडे. वर्गाचा खोळंबा होई. मग मला दाराबाहेर बसावे लागे, आणि पुढे पुढे मी जाईनाशीच झाले. त्या वर्षाचे गणित मला अजूनही कच्चे आहे. त्यात कोणा एकाचा दोष होता असे मी म्हणणार नाही. चाळीस मुलांच्या वर्गात रडणारे बाळ घेऊन बसलेल्या मुलीचे काय करावे हे शिक्षकांना कोणी शिकविलेच नव्हते. पण कोसबाडच्या टेकडीवर या प्रश्नाचे उत्तर माझ्या जन्माच्या कितीतरी वर्षे आधी सापडलेले होते. ते जळकोटच्या माळापर्यंत पोचले नव्हते एवढेच.

भाषेचेही तसेच. कोसबाडची मुले घरी वारली बोलत, आमच्या घरी गोरमाटी बोलतात. आम्ही आईला याडी म्हणतो आणि भाकरीला बाटी. पहिलीत भिंतीवर चित्रांचा तक्ता होता. त्यातील आ म्हणजे आई. मी आ घोकला, पण त्या अक्षरामागे माझी याडी नव्हती. मुलाची घरची बोली, त्याचे नाच-गाणे, त्याच्या भोवतालचे रान यांपासून आरंभ करावा, हे कोसबाडचे धोरण होते. मुलाच्या तोंडची भाषा ही अडचण आहे असे मानण्याऐवजी तीच पायरी करून वर चढायचे.

आता थोडे माझ्या फजितीविषयी सांगते, कारण ती या लेखाच्या विषयाशी जोडलेली आहे. गेल्या उन्हाळ्यात तांड्यावरच्या सहा-सात मुलांना मी संध्याकाळी शिकवू लागले. कॉलेजात जाणारी म्हणून माझा थोडा रुबाबही होता. मला जसे शिकविले गेले तसेच मी शिकविले. महिनाभर बाराखडी घोकून घेतली. त्यातला आठ वर्षांचा एक मुलगा न अडखळता ज्ञ पर्यंत म्हणू लागला. मला फार आनंद झाला. एके दिवशी त्याच्या दारात बियाण्याची रिकामी पिशवी पडली होती. तीवरचे नाव वाच म्हणून मी सांगितले. त्याला एक अक्षर वाचता येईना. क पासून सुरू केल्यावाचून त्याला एखादे अक्षर ओळखताच येत नव्हते. गाणे पाठ झाले होते, वाचन आलेच नव्हते. मी त्याच्यावर ओरडले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

ताराबाईंचे चरित्र वाचल्यावर मी त्याच्या घरी गेले. या वेळी पाटी नेली नाही. कारखान्यावरची गोष्ट सांग म्हटले. बैल चिखलात कसा रुतला आणि गाडी कशी काढली ते तो रंगून सांगू लागला. त्याची चार वाक्ये मी त्याच्याच बोलीत जमिनीवर कोळशाने लिहिली आणि त्याच्यापुढे बोट फिरवून वाचली. बैल, गाडी, ऊस, बाटी हे शब्द त्याने त्याच दिवशी ओळखले. चमत्कार झाला असे नाही. जोडाक्षर आले, की तो आजही अडतो. पण आता तो अंदाज बांधतो, चुकतो, पुन्हा पाहतो. आणि रोज येतो.

ताराबाईंनी अनुभवातून जे ओळखले, त्याला अलीकडच्या संशोधनाचाही दुजोरा मिळतो. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुले वाचायला कशी शिकतात याचा पहिली ते तिसरीच्या मुलांबरोबर राहून दीर्घ अभ्यास केला. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. मराठीसाठी निवडलेला तालुका होता पालघर जिल्ह्यातील वाडा, म्हणजे ताराबाईंच्याच कार्यक्षेत्राच्या शेजारचा. कन्नडसाठी यादगीर निवडले होते. वर्गात अक्षरे आणि शब्द घोटून घेण्यावर भर असतो. गोष्ट, संभाषण आणि अर्थ यांना जागा फार थोडी मिळते. आणि तिसरी संपतानाही पुष्कळ मुलांना समजून वाचता येत नाही, असे त्यात दिसून आले. लिपी आणि अर्थ ही दोन्ही पहिल्या दिवसापासून हातात हात घालून चालली पाहिजेत, हे त्यातले सार. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासातून असे आढळले, की आपल्यासारख्या लिप्यांतील सगळी अक्षरे पक्की व्हायला मुलाला चौथीपर्यंतचा काळ लागतो. काना-मात्रा-वेलांट्यांनी अक्षरांची संख्या वाढत जाते हे त्याचे कारण. म्हणजे पहिलीतच बाराखडी संपली पाहिजे हा आपला आग्रह मुलावर अन्याय करणारा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि घरच्या भाषेला महत्त्व दिले. कोसबाडला हे जवळजवळ साठ वर्षे आधी चालू होते.

परंतु संशोधन अहवालात राहिले तर त्याचा उपयोग काय? माझ्या मते ताराबाईंच्या आयुष्याचा खरा धडा येथे आहे. त्यांनी रोमचे संशोधन वाचले, भावनगरात ते करून पाहिले, दादरला रुजविले, बोर्डीला ते अपुरे पडले तेव्हा बदलले आणि कोसबाडला पुन्हा बदलले. प्रत्येक ठिकाणी पुस्तक आणि मूल यांत विरोध आला, तेव्हा त्यांनी मुलाचे ऐकले. पुस्तकाला त्यांनी टाकले नाही आणि त्याची पोथीही केली नाही. शिक्षकाने वाचावे, वर्गात पाहावे, टिपून ठेवावे आणि उद्याचा धडा त्याप्रमाणे बदलावा, एवढे केले तर खेड्यातला एकशिक्षकी वर्गसुद्धा प्रयोगशाळा होऊ शकतो.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की माँटेसरीबाईंची जन्मतारीखही ३१ ऑगस्टच. ताराबाईंच्या मागे अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालविले. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. बोर्डीच्या एका अंगणात रुजलेला शब्द सगळ्या भारताचा झाला. हे पाहायला त्या नव्हत्या.

या योजनेने लहान मुलांना आहार दिला, लसी पोचविल्या, गरोदर बायांची काळजी घेतली. हे उपकार लहान नाहीत. अंगणवाडीच्या बाईंवर वजनाच्या नोंदी, आहाराचे वाटप, सर्वेक्षणे आणि रजिस्टरे यांचा इतका भार असतो, की गोष्ट सांगायला त्यांना वेळ मिळाला तरच नवल. योजनेच्या सहा सेवांमध्ये पूर्वशालेय शिक्षण हीही एक सेवा आहे. पण खिचडी शिजली नाही तर लगेच ओरड होते, आणि गोष्ट सांगितली नाही तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. ताराबाईंच्या अंगणवाडीत गोष्ट आणि घास दोन्हींना सारखीच किंमत होती.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या वर्गातील कितीतरी जणांना पुढे शिक्षक व्हायचे आहे. मलाही व्हायचे आहे. आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. अक्षर न समजणे म्हणजे काय असते, शाळेच्या दाराबाहेर बसणे म्हणजे काय असते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ताराबाई सुशिक्षित घरातून निघून अंगणापर्यंत चालत आल्या. आपण तर अंगणातूनच आलो आहोत. उद्या आपल्या वर्गाच्या दारात कडेवर भाऊ घेतलेली एखादी मुलगी उभी राहील, तेव्हा तिला आत घेण्याइतके तरी आपण शिकलेलो असावे.

या दिवाळीनंतर तांडा पुन्हा रिकामा होईल. तो मुलगाही आईबापांबरोबर कारखान्यावर जाणार आहे. मी त्याच्या वहीत त्याच्याच तोंडच्या वीस गोष्टी लिहून देण्याचे ठरविले आहे. त्यातल्या अकरा लिहून झाल्या आहेत.